स्वीडनमध्ये शिक्षणशास्त्र: अर्जापासून प्रबंधापर्यंत

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी सहा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. मग गोथेनबर्गला शिक्षणशास्त्राच्या मास्टर्ससाठी आले आणि आता स्वीडनमध्येच पीएचडी करतेय. ओळखीपाळखीतून बऱ्याच शिक्षकांचे फोन येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि अडतंही तिथेच जिथे मी अडले होते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय. मुख्य माहिती स्वीडनची आहे. नॉर्वे आणि डेन्मार्क फरक महत्त्वाचा आहे तिथेच येतील.

१. शिक्षक व्हायचंय की शिक्षणाचा अभ्यास करायचाय, ते आधी ठरवा

आपल्याकडे शिक्षणशास्त्र म्हटलं की बी.एड., एम.एड. आठवतं, म्हणजे पाठटाचण, सराव पाठ, मानसशास्त्राचा एक पेपर. स्वीडनमध्ये 'पेडागोगिक' ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. १९१० साली उप्साला विद्यापीठात बर्टिल हामर या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले, तेव्हापासून ती समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रासारखीच स्वतःच्या पायावर उभी आहे. तिच्या शेजारी 'डिडाक्टिक' असते. काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि तेच का शिकवायचं, हे डिडाक्टिकचे प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला इथे फार वजन आहे.

इंग्रजी माध्यमातल्या मास्टर्सनं तुम्हाला हा अभ्यास करता येतो. इथल्या शाळेत शिकवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. २०११ पासून स्वीडनमध्ये शिक्षकांना परवाना लागतो. तो स्कूलवेर्केट ही सरकारी संस्था देते, आणि त्यासाठी स्वीडिश पक्कं यावं लागतं. दोन वर्षांत शिक्षकाची नोकरी लागेल या आशेनं कर्ज काढून आलेल्यांना मी भेटलेय. त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यासाठी हा मुद्दा पहिला घेतला.

कुठे जायचं हे विषयावर ठरवा. देशोदेशींच्या शिक्षणव्यवस्थांची तुलना करायची असेल तर स्टॉकहोम पाहा. तिथले टॉर्स्टेन हुसेन १९६२ ते १९७८ या काळात आयईए या संस्थेचे अध्यक्ष होते. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना एकच चाचणी देऊन तुलना करण्याची पद्धत या संस्थेनं रुजवली. मूल शिकतं म्हणजे नेमकं काय घडतं, यात रस असेल तर गोथेनबर्ग. फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी इथे विद्यार्थ्यांना उतारा वाचायला देऊन, त्यांनी तो कसा वाचला हे विचारलं. काहींनी अर्थ शोधला होता, काहींनी पुढे विचारतील म्हणून वाक्यं लक्षात ठेवली होती. 'खोल' आणि 'वरवरचं' शिकणं ही जगभर वापरली जाणारी मांडणी त्यांच्या १९७६च्या लेखांमधली. आपल्या गाईडं आणि संभाव्य प्रश्नसंचांच्या जगातून आलेल्याला हे वाचताना आपलीच शाळा दिसते. नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठ आणि डेन्मार्कमध्ये ऑर्हुस विद्यापीठाचा कोपनहेगनमधला शिक्षण विभाग, हे दोन्हीही पाहून ठेवा.

२. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

स्वीडनच्या सगळ्या विद्यापीठांसाठी 'युनिव्हर्सिटी अ‍ॅडमिशन्स' हे एकच पोर्टल आहे. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या वर्षासाठी ते आदल्या ऑक्टोबरच्या मध्यात उघडतं आणि जानेवारीच्या मध्यात बंद होतं. कागदपत्रं आणि ९०० क्रोनरचं (क्रोनर हे स्वीडनचं चलन) अर्जशुल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पोचावं लागतं. निकाल मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी लागतो.

जास्तीत जास्त चार मास्टर्स अभ्यासक्रम निवडता येतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. वरच्या क्रमांकावर प्रवेश मिळाला की खालचे पर्याय आपोआप रद्द होतात. 'सगळीकडे मिळालं की मग ठरवू' हा आपला हिशेब इथे चालत नाही. जिथे खरंच जायचंय तेच पहिलं टाका.

३. कागदपत्रं

- सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट
- पदवी प्रमाणपत्र, मूळ प्रतीवरून रंगीत स्कॅन केलेलं
- इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक असेल तर एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ५.५ पेक्षा कमी नाही
- पासपोर्ट
- अभ्यासक्रमानं मागितलं असेल तर उद्देशपत्र

पात्रतेचा रकाना दोनदा वाचा. बऱ्याच अभ्यासक्रमांना पदवीत शिक्षणशास्त्र किंवा एखादं सामाजिक शास्त्र ठरावीक श्रेयांकांइतकं (क्रेडिट्सइतकं) लागतं. बी.एस्सी., बी.एड. असाल तर ट्रान्स्क्रिप्टमध्ये बी.एड.चे विषय स्पष्ट दिसतील असं पाहा. शंका असेल तर विभागाच्या समन्वयकांना दोन ओळींचा मेल करा. उत्तर येतं.

दोन ठिकाणी जास्त काळजी घ्या. पहिली जागा ट्रान्स्क्रिप्ट. मी दिवाळीनंतर अर्ज टाकला आणि आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सात आठवडे गेले, तीन खेपा झाल्या. तुम्ही ऑगस्टमध्येच टाका. दुसरी जागा नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव येतं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर आडनावही वेगळं आणि मधलं नावही वेगळं. स्वीडनमधल्या तपासनिसाला या दोन वेगवेगळ्या बायका वाटू शकतात. विवाह प्रमाणपत्र, आणि राजपत्रात नावबदल छापला असेल तर तेही, इंग्रजी भाषांतरासह जोडा. पासपोर्टमध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जातं, हेही ध्यानात असू द्या. इथल्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे नवऱ्याचंही नाव आहे, आणि पहिल्या दिवशी मला नेमकी कशी हाक मारायची असं शिक्षकांनी विचारलं.

४. पैसे आणि परवाना

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये २०११ पासून फी आहे, नॉर्वेत २०२३ पासून. जुन्या लेखांतून 'नॉर्वेत शिक्षण फुकट' वाचून निघू नका. स्वीडनमध्ये सामाजिक शास्त्रांतल्या मास्टर्सची फी वर्षाला साधारण ८०,००० ते १,१०,००० क्रोनर असते. पीएचडीला फी नाही, उलट पगार असतो. त्याचं पुढे सांगते.

शिष्यवृत्ती दोन तऱ्हेच्या असतात. विद्यापीठं स्वतः फीमाफी देतात, पूर्ण किंवा अंशतः. दुसरी स्वीडिश इन्स्टिट्यूटची. तिच्यासाठी पात्र देशांची यादी असते आणि ती बदलत राहते. आपला देश यादीत आहे का ते पाहिल्याशिवाय त्या भरवशावर बेत आखू नका.

फीचा पहिला हप्ता भरला की निवास परवान्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी दरमहा १०,००० क्रोनरहून जास्त रक्कम, जितके महिने राहणार तितक्यांची, तुमच्या स्वतःच्या खात्यात दाखवावी लागते. वडिलांच्या नावावरची ठेव चालत नाही. पासपोर्टची मुदत जितकी, परवानाही फार तर तितकाच मिळतो. परवाना वर्षाहून कमी निघाला की पुढचं सगळं अडतं, कारण कर खात्याकडून मिळणारा 'पेर्शूननुम्मेर' हा ओळखक्रमांक किमान वर्षभर राहणाऱ्यालाच देतात. त्याच्याशिवाय बँक खातं उघडायला महिने लागतात. तेव्हा मुदत दोन वर्षांच्या आत संपत असेल तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा.

खोलीसाठी निकालाच्या दिवशीच अर्ज टाका. काही विद्यापीठं फी भरणाऱ्यांना खोली देतात, पण त्याची मुदत वेगळी असते आणि ती चुकली की चुकली.

५. वर्गात काय अपेक्षा असते

पूर्णवेळ अभ्यास म्हणजे सत्राला ३० श्रेयांक, आणि आठवड्याला चाळीस तास धरलेले असतात. विषय बहुधा एकामागून एक येतात. साडेसात श्रेयांकांचा विषय पाच आठवडे चालतो, संपतो, मग पुढचा. आठवड्यात व्याख्यानं दोन-तीनच. ते पाहून पहिल्या महिन्यात वेळच वेळ आहे असं वाटतं. तो सगळा वेळ वाचनाचा असतो. वेळापत्रकात १० लिहिलं असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, ही इथली जुनी पद्धत आहे. सव्वादहा म्हणजे मात्र सव्वादहाच.

प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची. 'सर' किंवा 'मॅडम' नाही. मला ते जमायला एक सत्र लागलं, आणि अडचण जिभेपेक्षा मनात जास्त होती. चर्चासत्रात प्रत्येकानं बोलावं अशी अपेक्षा असते. आपण शिक्षकांपुढे गप्प बसण्याला आदर समजतो, इथे गप्प राहिलात तर वाचून आला नाहीत असं समजतात. लेख पटला नाही तर पान दाखवून सांगा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

उचलेगिरीबद्दल इथे अजिबात गय नाही. प्रत्येक लेखन दुसऱ्या मजकुरांशी ताडून पाहतात. प्रकरण शिस्त समितीकडे गेलं तर सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकतं, आणि निवास परवाना अभ्यासाच्या प्रगतीवर अवलंबून असतो. आपल्याकडे संदर्भग्रंथातला परिच्छेद जरा बदलून लिहिण्याची सवय शाळेच्या निबंधापासून लागलेली असते. ती इथे पहिल्या दिवसापासून सोडा. कुणाची कल्पना घेतली ते लिहा, तुमच्या शब्दांत मांडली असली तरीही.

६. प्रश्न लहान करा

हा टप्पा सगळ्यात अवघड. तो आला तेव्हा प्रवेश आणि परवान्याची धावपळ मला सोपी वाटायला लागली.

माझा पहिला प्रस्ताव होता 'महाराष्ट्रातल्या मराठी शाळांची घसरण: कारणे आणि उपाय'. मार्गदर्शक बाईंनी तो कागद टेबलावर मधोमध ठेवला आणि पेन्सिलीनं तीन शब्दांभोवती गोल केले: 'घसरण', 'कारणे', 'उपाय'. घसरण असं कोण म्हणतं? कारण म्हणजे तू काय सिद्ध करणार आहेस? आणि उपाय तुझ्याकडे कुणी मागितलाय? मला राग आला होता. सहा वर्षं मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, "तू पाहिलेलं एक दृश्य सांग."

मी द्विशिक्षकी शाळेचं सांगितलं. माझी मावसबहीण जत तालुक्यात अशा शाळेवर आहे. एका खोलीत पहिली आणि दुसरी, फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे पहिलीचं मुळाक्षर, उजवीकडे दुसरीची बेरीज. ती डावीकडे शिकवत असते तेव्हा उजवीकडची मुलं काय करतात, हे तिला पाठमोरं असतानाही आवाजावरून कळतं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हा तुझा प्रबंध."

शेवटी प्रश्न असा झाला: द्विशिक्षकी शाळांमधल्या तीन शिक्षिका दोन इयत्तांमध्ये वेळ आणि लक्ष कसं वाटतात, आणि त्या वाटणीचा अर्थ त्या स्वतः कसा लावतात? शिक्षिका तीनच, आणि त्यांच्यावर ऐंशी पानं लिहिली.

तुम्हीही इथून सुरुवात करा. तुमच्या वर्गातलं एक दृश्य घ्या आणि ते कुणाला काही न सुचवता, फक्त वर्णन करत दोन पानं लिहा. आपल्या एम.एड. प्रबंधांत शेवटी 'शिफारसी' हे प्रकरण असतंच, शासनानं हे करावं, पालकांनी ते करावं. इथे ते काढायला सांगतात. ज्याच्यासाठी पुरावा गोळा केला नाही ते म्हणायचं नाही.

मराठी येतं ही आपली मोठी शिदोरी आहे, ती कमी लेखू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्यांचं जे काम केलं, आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, त्यावरचं बरंचसं लेखन मराठीत आहे. स्वीडनमध्ये बालशिक्षणावर प्रचंड संशोधन होतं, पण ते लेखन वाचू शकणारा संशोधक त्यांच्यात नाही. स्वीडिश शाळांत 'स्लोइड', म्हणजे लाकूडकाम, विणकाम, शिवण, आजही सक्तीचा विषय आहे. गोथेनबर्गजवळ नेस इथे ओटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं शिक्षकप्रशिक्षण सुरू केलं, आणि देशोदेशींचे शिक्षक तिथे शिकायला येत. १९३७च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीमशी, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगातून शिकवण्याच्या योजनेशी, याची नीट तुलना कुणीतरी करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

७. महाराष्ट्रात येऊन माहिती गोळा करणार असाल तर

परवानगीचा क्रम जपून ठरवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं. पण साहेबांचं पत्र आधी पोचलं की शिक्षिका 'नाही' म्हणूच शकत नाही, आणि मग तिच्या सहीला संमती म्हणता येत नाही. म्हणून मी आधी शिक्षिकांशी एकेकट्या फोनवर बोलले, नाही म्हणायलाही मोकळीक आहे असं सांगितलं, आणि होकार आल्यावर पत्राच्या मागे लागले. चौथ्या शिक्षिकेनं नाही सांगितलं. तिचं नाव मी कुठेच घेतलं नाही.

संमतिपत्र मराठीत द्या, बोलीभाषेतल्या मराठीत. 'संशोधनार्थ संकलित माहिती' असलं काही लिहू नका. मध्येच माघार घेता येते, ध्वनिमुद्रण कुठे राहील, कोण ऐकेल, हे तीन मुद्दे तोंडीही सांगा.

मुलाखतीचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, स्वतःच्या गूगल ड्राइव्हवरही ठेवू नका. विद्यापीठ जागा देतं, तीच वापरा. युरोपच्या माहितीसुरक्षा कायद्यात काही माहिती संवेदनशील ठरते: आरोग्य, धर्म, वांशिक मूळ, राजकीय मत, आणि कामगार संघटनेचं सदस्यत्व. आपल्याकडच्या शिक्षकाशी तासभर बोललात आणि बदल्यांचा विषय निघाला की शिक्षक संघटना येणारच, आणि जात तर न विचारता येते. तुम्ही या माहितीवर स्वीडनमध्ये बसून काम करणार, म्हणून हे मार्गदर्शकांशी आधी बोला. मास्टर्सच्या प्रबंधात असली माहिती टाळायला सांगतात. पीएचडीत नैतिक मंजुरीची प्रक्रिया असते आणि ती माहिती गोळा करण्याआधीच घ्यावी लागते. मागाहून मिळत नाही.

मुलाखती मराठीतच उतरवा आणि विश्लेषणही मराठी मजकुरावर करा. इंग्रजी फक्त प्रबंधात घ्यायच्या उताऱ्यांचं. एक शिक्षिका म्हणाली होती, "पहिलीच्या पोरांना आधी वळण लावावं लागतं, मग शिकवणं." मी वळणासाठी इंग्रजीत 'डिसिप्लिन' लिहून मोकळी झाले. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, मग शिस्तीसाठी तुमच्याकडे काय शब्द आहे? मी सांगायला लागले की शिस्त बाहेरून येते, छडीनंही येते. वळण हळूहळू लागतं, अक्षरालाही वळण असतं, आणि ज्याला वळण आहे त्याला कुणी पाहत नसतानाही ते असतं. अर्धा तास आम्ही त्या एका शब्दावर बोललो. प्रबंधात तो शब्द मराठीतच राहिला आणि त्यावर सहा पानं झाली. मी भाषांतर करूनच वाचायला बसले असते तर ती सहा पानं हरवली असती.

८. पीएचडी ही नोकरी असते

प्राध्यापकांना 'रिस्पेक्टेड सर, शिष्यवृत्ती मिळेल का' अशा मेल पाठवण्यात वेळ घालवू नका. स्वीडनमध्ये पीएचडीची जागा जाहिरातीतून भरतात. विद्यापीठांच्या नोकऱ्यांच्या पानांवर लक्ष ठेवा, नॉर्वेसाठी 'जॉबनॉर्गे'वर. जाहिरातीत विषयाची दिशा दिलेली असते. तुमचा संशोधनाचा आराखडा तिच्याशी जुळायला हवा. सोबत मास्टर्सचा प्रबंध जोडावा लागतो, आणि खरी निवड मुख्यतः त्याच्यावर होते. म्हणून आधीचा टप्पा मी इतका लांबवला.

एक गोष्ट आपल्याला चकित करते. सरकारी विद्यापीठाकडे आलेला अर्ज हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. १७६६ च्या कायद्यापासून चालत आलेलं हे तत्त्व आहे. तुमचा आराखडा कुणीही मागून वाचू शकतं, आणि तुम्हीही पूर्वी निवडलेल्यांचे अर्ज मागू शकता. मी तीन मागवले. चांगला आराखडा कसा दिसतो, हे त्यातूनच कळलं.

अभ्यास चार वर्षांचा, २४० श्रेयांकांचा. विभागात वीस टक्क्यांपर्यंत शिकवण्याचं काम असतं, तेव्हा कालावधी पाच वर्षांपर्यंत जातो. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये मूळ अभ्यास तीन वर्षांचा असतो. नॉर्वेत शिकवण्याचं काम जोडलं तर चार होतात, आणि बचावाच्या, म्हणजे प्रबंधावरच्या शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, वेळी ठरवून दिलेल्या विषयावर व्याख्यानही द्यावं लागतं. प्रबंध सलग लिहिता येतो किंवा लेखांचा संच करून वर 'काप्पा' लिहितात. काप्पा म्हणजे ओव्हरकोट, सगळे लेख आत घेणारं, त्यांना एकत्र बांधणारं प्रकरण. काम निम्म्यावर आलं की एक चर्चासत्र, नव्वद टक्क्यांवर दुसरं. त्यात बाहेरचा वाचक तुमचं लेखन ओळीओळीनं तपासतो.

बचावाच्या साधारण तीन आठवडे आधी प्रबंध 'खिळवतात'. माझ्या विभागात खरोखरच लाकडी फळी आहे. छापील प्रबंधाला कोपऱ्यात भोक पाडून हातोडीनं खिळा ठोकतात, सहकारी भोवती उभे असतात, मग कॉफी आणि दालचिनीचे बन. प्रबंध आता सगळ्यांसाठी खुला झाला, कुणीही वाचून प्रश्न विचारायला यावं, असा त्याचा अर्थ.

बचावही खुला असतो. मास्टर्सच्या पहिल्या वर्षातच दोन-तीन बचाव ऐकून या. सूचना विभागाच्या पानावर असते, नाव नोंदवावं लागत नाही. प्रतिवादी, म्हणजे प्रबंधावर प्रश्न विचारायला नेमलेला तज्ज्ञ, आधी प्रबंध स्वतःच्या शब्दांत मांडतो आणि उमेदवाराला विचारतो, मी बरोबर सांगितलं का? त्या एका प्रश्नानंतर उमेदवार काय उत्तर देतो, ते वहीत टिपून घ्या.